तुमच्यात काय पाळतात?

श्रावणी सोमवारी आमच्या शाखेत जेवणाच्या टेबलावर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू यांचंच राज्य असतं. माझ्या डब्यातली शेपूची भाजी तेवढी परक्यासारखी दिसते. मी नाशिकच्या एका सहकारी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण अकरा वर्षं माझ्याबरोबर जेवतेय. आमच्या नाताळच्या करंज्या तिच्या घरी जातात, तिच्या पुरणपोळ्या आमच्याकडे येतात, तरी हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता. मागच्या श्रावणात विचारला. "तुमच्यात काय पाळतात गं?"

मी सांगायला लागले. रविवारी उपासनेला जातो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस काहीजण उपास करतात, काहीजण मटण-मासे सोडतात. उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशांश, देवाला द्यायचा. जेवायच्या आधी प्रार्थना. ती लाडू मोडत म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच की. वार तेवढा वेगळा."

सुट्टी संपली, आम्ही काउंटरवर परत गेलो. मला मात्र संध्याकाळपर्यंत सलत राहिलं. मी खोटं काही बोलले नव्हते, पण ख्रिस्ती श्रद्धेतली जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी तीच राहून गेली होती. ती गोष्ट म्हणजे कृपा. समजायला सोपी वाटते आणि अंगवळणी पडायला जन्म जातो. मी नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत वाढले, लहानपणापासून हा शब्द ऐकतेय, तरी पहिल्या फटक्यात माझ्या तोंडून नियमांची यादीच बाहेर पडली. यावरूनच काय ते समजा.

मैत्रिणीच्या प्रश्नातलं क्रियापद बघा. मराठीत आपण व्रत पाळतो, सुतक पाळतो, वेळ पाळतो, दिलेला शब्द पाळतो. आणि आपण शेळ्याही पाळतो, कबुतरंही पाळतो. तान्ह्या बाळाला निजवतात तो पाळणा. पहिल्या तऱ्हेत सगळा भार आपल्यावर असतो, चुकलं तर व्रत मोडतं. दुसऱ्या तऱ्हेत भार पाळणाऱ्यावर असतो. पाळण्यातल्या बाळाला काही पाळावं लागत नाही. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात ते या दुसऱ्या अर्थानं, मेंढरं पाळणारा म्हणून. नियम पाळून घेणारा हा अर्थ त्याला नंतर आपणच चिकटवला. येशूच्या शुभवर्तमानात आधी देव माणसाला पाळतो, माणसानं काय पाळायचं ते मागून येतं. हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. पुढचं सगळं या क्रमाबद्दलच आहे.

'कृपा' हा शब्दही आता पार झिजलाय. 'कृपया रांगेत उभे राहा' इतपत त्याचा उपयोग उरला. इंग्रजी 'ग्रेस' म्हटलं की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो. पस्तीसला पास, पोराला बत्तीस पडले, बोर्डानं तीन घातले आणि पोरगं वर ढकललं. गंमत अशी की बरेचसे ख्रिस्ती लोक मनातल्या मनात देवाची कृपाही अशीच समजतात. आपण जमेल तेवढं चांगलं वागायचं, दोन-चार मार्क कमी पडले तर देव बघून घेईल. बत्तीसवाल्याला हे बरं वाटतं. ज्याला चारच पडलेत त्यानं काय करायचं?

हा वाद जुना आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा शिक्षक म्हणत होता की देवानं आज्ञा दिल्या त्या अर्थी माणूस स्वतःच्या इच्छेनं त्या पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला. त्याचं म्हणणं, माणसाची इच्छाच आजारी आहे, आजाऱ्याला 'नीट चाल' असं ओरडून काय होणार? ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसची शिकवण नाकारली. नाकारली म्हणजे संपली असं मात्र झालं नाही. ती आमच्या मनात आजही ठाण मांडून आहे.

येशूचा प्रेषित पौल याचं म्हणणं ग्रेस मार्कांच्या पार पलीकडचं आहे. इफिसच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की तुमचं तारण कृपेनं झालं, विश्वासाच्या द्वारे झालं, ते देवाचं दान आहे, तुमच्या कर्मांचं फळ नाही, म्हणजे कुणाला बढाई मारायला जागाच नको. शाळेच्याच भाषेत सांगायचं तर निकाल आधी हातात पडला आणि शाळा नंतर सुरू झाली.

त्यातला 'तारण' हा शब्द माझ्या टेबलावर दिवसभर फिरत असतो. परवा एक आजीबाई बोरमाळ घेऊन आल्या, नातवाच्या फीसाठी. आमच्या सोनारानं ती तोलली, मण्यांत भरलेल्या लाखेचं वजन वजा केलं आणि निव्वळ सोन्याचा आकडा सांगितला. आजीबाई म्हणाल्या, "एवढंच?" चाळीस वर्षं ती माळ त्यांच्या गळ्यात होती, लाखेचा हिशोब त्यांनी कधी केलाच नव्हता. बँकेत तारण आपण ठेवतो आणि त्यातली लाख वजा होते. बहुतेक माणसं देवाकडेही अशीच जातात, केलेल्या चांगल्या गोष्टींची पुरचुंडी घेऊन. ख्रिस्ती अर्थाच्या तारणात काउंटरच्या पलीकडचाच माणूस उठून या बाजूला येतो आणि आपलं स्वतःचं ठेवतो. क्रूसाचा अर्थ ख्रिस्ती माणसं असा लावतात. हा दाखला माझा आहे, पाळकांचा नाही. त्यांना सांगितला तेव्हा ते नुसतं हसले.

मग देवानं आज्ञा दिल्याच कशाला, असं कुणीही विचारेल. दहा आज्ञा सगळ्यांना ऐकून माहीत असतात, पण त्यांची सुरुवात फारजण वाचत नाहीत. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पहिली आज्ञा येण्याआधी देव सांगतो की मी तुला मिसर देशातून, दास्याच्या घरातून बाहेर काढलं. इस्राएली लोक आधी सुटले, समुद्र ओलांडून आले, आज्ञा त्यानंतर सिनायच्या डोंगरावर मिळाल्या. 'या दहा पाळा, मग सोडवतो' असा करार नव्हता. म्हणून यहुदी धर्म म्हणजे कोरडे नियम आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा ही आमच्याकडच्या प्रवचनांतली सोयीची वाटणी मला पटत नाही. धार्मिक यहुदी माणूस नियमशास्त्राकडेही, म्हणजे मोशेच्या हातून आलेल्या आज्ञांकडेही, देणगी म्हणूनच बघतो.

पौल स्वतः कट्टर परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, नियमशास्त्रात मुरलेला. गलतीच्या मंडळ्यांना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या लोकांना, त्यानं जे तापलेलं पत्र लिहिलं त्यात नियमशास्त्राला एक मजेदार उपमा दिली आहे. मराठी पवित्र शास्त्रात तिथं 'बालरक्षक' असा शब्द आहे. ग्रीक-रोमन श्रीमंतांच्या घरी मुलाला शाळेत नेणारा-आणणारा एक दास असे, तो हा. आपल्याकडचा शाळेच्या रिक्षातला काका म्हणा. काका ओरडतो, हात बाहेर काढू देत नाही, त्याच्याशिवाय शाळेत पोचणं कठीण. पण मुलगी कॉलेजात गेल्यावरही रिक्षाकाका वर्गाच्या दाराशी उभा राहायला लागला तर कसं वाटेल?

ते पत्र तापलं ते एका पंगतीवरून. अंत्युखिया नावाच्या शहरात यहुदी आणि बिगरयहुदी ख्रिस्ती एकत्र जेवत होते. येशूचा जवळचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसत होता. यरुशलेमहून जुन्या वळणाची माणसं आली, तसा पेत्र हळूच मागे सरकला आणि त्यानं वेगळं जेवायला सुरुवात केली. त्याचं बघून बाकीचे यहुदीही उठले. तोंडानं पेत्र काहीच चुकीचं बोलला नव्हता, नुसता पाटावरून उठला होता. पौलानं त्याला सगळ्यांसमोर झाडलं. इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमला बैठक झाली, तिथला प्रश्नही हाच होता की यहुदी नसलेल्यानं ख्रिस्ती व्हायला आधी सुंता करावी का, मोशेचं सगळं नियमशास्त्र उचलावं का? उत्तर नाही असं आलं.

काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली जो सत्याग्रह झाला त्या गावात, कुणी कुणाबरोबर बसायचं हा धर्माचा केवढा मोठा प्रश्न असतो हे समजावून सांगायची गरज नाही. नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरला १८६८ साली लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं होतं की बाहेरून आलेल्या जिनसा धुतल्याशिवाय घरात चालत नसत. 'स्मृतिचित्रे'तली ती पानं वाचताना हसू येतं, आणि त्या घरातल्या बायकांचं काय होत असेल या विचारानं ते थांबतं. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, पुढे एकत्र राहू लागल्या तरी सोवळं सुटायला वेळ लागला, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. अंत्युखियाच्या पंगतीची गोष्ट मला कळली ती टीका-ग्रंथांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या या प्रवासामुळे.

टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. वारकरी घरातल्या माणसाला कृपा ही कल्पना नवी नाही. कर्मकांडापेक्षा भाव मोठा हे संतांनी मराठी माणसाच्या कानीकपाळी ओरडून सांगितलंय. ख्रिस्ती श्रद्धेत कृपा एका माणसाच्या इतिहासाला बांधलेली आहे, येशूच्या जगण्याला, मरणाला आणि पुन्हा उठण्याला. ते बांधलेपण सोडलं की ख्रिस्ती माणसाजवळ कृपेबद्दल वेगळं सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

आता आमच्या घरातलं थोडं. एका मंडळीत, नाव घेत नाही, एका रविवारी एक बाई पहिल्यांदाच आली. शेवटच्या बाकावर बसली, कपाळाला टिकली होती. उपासना संपल्यावर एका वडीलधाऱ्या माणसानं तिला बाजूला घेऊन, आवाज न चढवता, पुढच्या वेळी टिकली काढून यायला सांगितलं. पुढची वेळ आलीच नाही. ते गृहस्थ दुष्ट नव्हते, त्यांना देवळाची शिस्त सांभाळल्यासारखं वाटलं असणार. मी त्याच बाकावर होते आणि पर्समधली किल्ली शोधत राहिले. पेत्रही असाच उठला असेल, असं नंतर वाटत राहिलं.

पंडिता रमाबाईंनी याच्याही खोलात जाऊन सांगितलंय. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. कितीतरी वर्षांनी आपल्या साक्षीत त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, जुनं सगळं सोडून आलेली, नव्या धर्माचे सगळे सोपस्कार पाळणारी, आणि तरी आत रिकामं. एका नियमावलीतून निघून दुसरीत शिरणं किती सोपं असतं!

शरणपूर हे नावच मला याबाबतीत बोलकं वाटतं. चर्च मिशनरी सोसायटीनं १८५० च्या दशकात ही वस्ती वसवली. आज शरणपूर रोडला कपड्यांची दुकानं नि दवाखाने बघायची सवय झालेल्यांना माहीत नसतं, पण अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं आणली जात, शिकत, सुतारकी-लोहारकी करत. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या संशोधक-प्रवाशाच्या तुकडीत गेला आणि लिव्हिंग्स्टनच्या देहासोबत थेट लंडनला पोचला. १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. त्या मुलांना शरणपुरात घेताना पात्रता परीक्षा घेतली नव्हती. समुद्रातून काढलेल्याला 'आधी काय काय पाळतोस' असं विचारत नाहीत.

आता द्राक्षबागेची गोष्ट, कारण नाशिककराला कृपा समजावायची तर याहून जवळचं काही नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशू सांगतो: एक मालक पहाटे मजूर आणायला गेला, एक दीनार ठरवला, म्हणजे त्या काळचा पुरा रोज. पुन्हा नऊला गेला, बाराला गेला, तीनला गेला. पाचला गेला तर अजून काहीजण उभेच. "का उभे?" "आम्हाला कुणी कामाला लावलं नाही." त्यांनाही पाठवलं. सहाला मजुरी वाटली ती शेवटच्यांपासून, आणि त्यांना पुरा दीनार दिला. पहाटेच्यांना वाटलं आपल्याला जास्त मिळणार. त्यांच्याही हातात एकच दीनार पडला.

माझ्या नवऱ्याचा एक मित्र दिंडोरी तालुक्यात द्राक्ष करतो. नाताळात फराळाला आला होता, तेव्हा त्याला ही गोष्ट सांगितली. त्याच्याकडे हंगामाला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात. छाटणी, विरळणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, काही कामं एकरावर उक्ती, काही रोजानं. त्यानं शंकरपाळं तोंडात धरूनच सगळं ऐकलं.

"वहिनी, गोष्ट चांगलीये. पण हा मालक दुसऱ्या दिवशी बुडाला म्हणून समजा. सकाळी सातला बागेत चिटपाखरू येणार नाही. सगळे पाचला येतील आन् पुरा रोज खिशात घालून जातील."

गेली दोन हजार वर्षं कृपेवर जो सगळ्यात मोठा आक्षेप घेतला जातो तो त्यानं एका दमात घेतला. पौलालाही हेच विचारलं गेलं असणार, कारण रोमच्या पत्रात तो स्वतःच विचारतो: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करतच राहावं की काय? आणि उत्तर देतो, कधीच नाही. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच म्हटलंय की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यानं १९३७ साली 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरला, पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटत सुटणाऱ्या, येशूमागे चालायची किंमत न सांगणाऱ्या चर्चबद्दल. हिटलरला विरोध केला म्हणून १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी झाली. कृपा फुकट असते म्हणजे तिला किंमत नसते, असं म्हणायची त्याच्यासमोर तरी कुणाची छाती झाली नसती.

मी मित्राला विचारलं, "सकाळी मुकादम गाडी भरतो तेव्हा आधी कुणाला घेतो?"

"धडधाकट पोरांना. मग जोड्या."

"आणि संध्याकाळी पाचला नाक्यावर कोण उरलेलं असतं?"

तो जरा थांबला. "म्हातारं. नाहीतर कडेवर पोर असलेली बाई."

पाचला आलेले काही दिवसभर मजा मारत नव्हते. ते दिवसभर उन्हात उभे होते आणि आज चूल पेटणार की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहाटे आलेल्याला मात्र पहिल्या तासापासून माहीत होतं की संध्याकाळचं पक्कं आहे. बागेत असणं ही शिक्षा आणि बाहेर असणं ही सुट्टी असं धरलं तरच पहाटेच्या मजुराची तक्रार खरी ठरते. येशूच्याच उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा सगळं उधळून परत येतो आणि बाप त्याला मेजवानी देतो, त्यातला थोरला भाऊही असंच धरून बसला होता. बापाच्या घरात राहून तो म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची गुलामी करतोय. कृपा पापी माणसाला पचते लवकर. जड जाते ती वेळेवर येणाऱ्याला, आणि मी बँकेतली बाई, नऊ पंचावन्नला अंगठा लावणारी, त्यामुळे हे मला आतून माहीत आहे.

मग चांगलं वागणं येतं कुठून? इथं मित्राच्याच बागेनं मला मदत केली. थॉमसनची बाग बाहेरून थॉमसन असते, जमिनीत मूळ असतं डॉगरीजचं. खारट जमीन, कमी पाणी, सगळं तो खुंट सोसतो आणि वर कलम भरलेली काडी घड धरते. त्या काडीनं मूळ कमावलेलं नसतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू म्हणतो की मी वेल, तुम्ही फाटे, माझ्यात राहा म्हणजे फळ येईल. घड येणं हे काडीत रस चढत असल्याचं लक्षण आहे, घड दाखवून काडी वेलावरची जागा भाड्यानं घेत नसते. मग अँगल, तारा, मांडव कशाला? वेल मातीत लोळू नये म्हणून. रविवारची उपासना, उपास, रोजची प्रार्थना या माझ्या लेखी तारा आहेत. त्या सैल पडल्या तर नुकसान होतं हे खरं. पण तारांना द्राक्षं लागलेली मी अजून पाहिली नाहीत.

या बाबतीत सगळे ख्रिस्ती एका सुरात बोलतात असं समजू नका. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरनं याच मुद्द्यावर, माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कशानं, युरोप हलवला. कॅथलिक चर्चनं ट्रेंटच्या धर्मसभेत त्याला उत्तर दिलं. दोन्ही बाजू एका कागदावर यायला १९९९ चा ३१ ऑक्टोबर उजाडला. त्या दिवशी ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी मान्य केलं की आपण स्वीकारले जातो ते कृपेनंच, आपल्या कुठल्याही लायकीनं नाही. मतभेद उरलेच, पण मूळ वाक्य एक झालं. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत नवस फेडायला येणारी गर्दी आणि आमच्या शरणपूरच्या साध्या उपासना यांत दिसायला जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण नवस आमच्यातही असतात, आम्ही फक्त त्यांना नवस म्हणत नाही.

अलीकडे काही नव्या मंडळ्यांत 'आम्हाला धर्म नको, कृपा हवी' असं म्हणायची पद्धत पडलीय. मग हळूहळू तिथंही कळायला लागतं की हात कधी वर करायचे, कुठलं गाणं जुनाट, कुणाला अजून 'कृपा समजलेली नाही'. कृपेची शिस्तपत्रिका याहून विनोदी गोष्ट शोधून सापडणार नाही.

माझी आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. पेन्शन आली की दशांश आधी बाजूला, पाकिटात, पाकिटावर महिन्याचं नाव, आणि एका लाल वहीत नोंद. येशूनं परूशी लोकांना झापलं ना, पुदिना, शेपू आणि जिऱ्याचाही दशांश देता आणि न्याय, दया विसरता, ते वचन वाचताना आम्ही नातवंडं आजीकडे बघून हसायचो. येशू त्याच वचनात पुढे म्हणतो की हेही करा, तेही सोडू नका, हे ती आम्हाला ऐकवायची. एकदा घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलाचं ऑपरेशन निघालं. आजीनं त्या महिन्याचं पाकीट फोडून त्यांच्या हातात दिलं. वहीत फक्त एक शब्द आहे, 'दिले'. कुणाला, कुठल्या खात्यावर, काही नाही. बाकीच्या पानांवर पैशाचाही हिशोब चुकलेला नाही.

हे सगळं मी श्रावण संपता संपता मैत्रिणीला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. तिनं सरळ विचारलं, "म्हणजे तू दशांश बंद करणार?" नाही. "उपासना?" नाही. "मग फरक काय पडला?"

फरक कळतो तो चुकतं त्या दिवशी. नियमावर जगणारा माणूस चुकला की देवाला टाळतो. उपास मोडला, आता पुढच्या सोमवारपासून. प्रार्थना आठवडाभर झाली नाही, आता कुठल्या तोंडानं बसायचं? आधी सुधारायचं, मग जायचं. पेत्राचं बघा. त्यानं येशूला तीनदा नाकारलं, कोळशाच्या शेगडीशी हात शेकत असताना. पुढे येशू उठल्यावर तळ्याकाठी दिसला तेव्हा पेत्र होडीत होता. त्यानं अंगरखा गुंडाळला आणि सरळ पाण्यात उडी मारली, किनाऱ्याकडे. किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचाच विस्तव होता, त्यावर मासळी आणि भाकर. येशूनं आधी खुलासा मागितला नाही. म्हणाला, "या, न्याहारी करा." प्रेमाबद्दलचे प्रश्न न्याहारीनंतर आले आणि मेंढरं पाळायचं काम त्याच्याही नंतर. अंत्युखियात पंगतीतून उठला तो हाच पेत्र. एकदा कृपा मिळालेला माणूस पुन्हा चुकतच नाही असं काही नाही.

मैत्रीण म्हणाली, "न्याहारी आधी, हे बरंय." आणि तिनं माझ्या डब्यातला शेपू घेतला. सोमवार होता. लक्षात आल्यावर "अगं!" म्हणून घास हातात धरून बसली.

द्राक्षवाल्या मित्राला मात्र पटलेलं नाही. फेब्रुवारीत माल काढायच्या धांदलीत त्याचा फोन आला, नवऱ्याशी बोलून झाल्यावर म्हणाला, वहिनींना द्या जरा.

"वहिनी, ते पाचला आलेले लोक. दुसऱ्या दिवशी किती वाजता आले, लिहिलंय का?"

"नाही. गोष्ट तिथंच संपते."

"तेच तर बघायचं होतं," तो म्हणाला, आणि मागून कुणीतरी क्रेट संपल्याचं ओरडलं म्हणून त्यानं फोन ठेवला.